बैठक क्रमांक सात आणि आठ

॥ श्री ॥
पाचोड, २ नोव्हेंबर १९९६

प्रिय गयास यास,

बद्रीनाथचा रामराम. आबेदावहिनींना नमस्कार.

काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही हे तू बोलून दाखवणारच, म्हणून आधीच कबूल करतो. आजही कामच आहे.

तुमच्या नाट्यगृहात एक डिसेंबरला, रविवारी सकाळी बन्सीचं गाणं आहे असं पेपरात आलंय. सांडू न्हाव्यानं दाढी करता करता तो पेपर आबांच्या पुढं धरला. आबांना अक्षर येत नाही, पण फोटो ओळखला. म्हणाले, "ह्यो आपला बन्सी का रं? गाल भरलेत त्याचे." आणि लगेच, "बद्री, मला ने."

तुला आठवत असेल, बन्सी सात वर्षं आमच्या घरी होता. आबांनी त्याला मांडीवर थाप मारून ताल शिकवला. तो गेला त्याला बावीस वर्षं झाली. आता त्याच्या नावापुढं पंडित लावतात.

आबा एक्क्याऐंशीचे झाले. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्यात थोडं शिल्लक आहे, तेही उन्हाळ्यापर्यंत टिकेल न टिकेल असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावूनही उपयोग नाही, आतली नसच वाळलीय. मोठ्यानं, कानाशी तोंड नेऊन बोललं तर कळतं. म्हणून हे एकदा व्हावं असं आहे. नंतर जमायचं नाही.

तू तिथं तिकिटाच्या खिडकीवर बसतोस, तेव्हा तुलाच विचारतो. तिकिटं कधी मिळतात? कुठं उतरायचं? पायऱ्या किती आहेत? आबांना मधेच लघवीला उठावं लागतं, तशी सोय आहे का? बरोबर दशमी बांधून आणली तर चालते का?

दोन खुर्च्या हव्यात. अगदी मागच्या, दाराजवळच्या. आणि बन्सीला यातलं काही सांगू नकोस. मोठ्या माणसाला आपल्यामुळं अडचण नको.

तुझा,
बद्रीनाथ


औरंगाबाद, ८ नोव्हेंबर १९९६

प्रिय बद्री,

सलाम. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आणि तू मला इनलँडवर "यास" लिहितोस. काय रे बाबा, तलाठ्याला अर्ज करतोयस का?

पत्र वाचून जीव खूश झाला. आबा येणार! आता नीट वाच, मी खिडकीवर सांगतो तसं सांगतो.

प्लॅन चोवीस तारखेला, रविवारी सकाळी साडेआठला उघडतो. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. लोक त्याच्यावर बोट ठेवतात, मी पेन्सिलनं फुली मारतो. एका माणसाला चारच तिकिटं. पहाटेपासून रांग लागेल, पण तुला रांगेत यायचं काम नाही.

एसटीनं येशील तर बसस्टँडपर्यंत जाऊ नकोस, क्रांती चौकात उतर. तिथून रिक्षा कर. मोठ्या फाटकातून येऊ नकोस, तिथं अकरा पायऱ्या आहेत. बाजूला सामान उतरवायचा उतार आहे, तिथून आबा आरामात येतील. गाणं साडेनऊला. पहिली घंटा सव्वानऊला, तिसरी झाली की दार बंद होतं आणि मग गवई थांबेपर्यंत कोणालाच आत सोडत नाहीत. म्हणून नऊला इथं पाहिजेस. संडास-मुतारी डाव्या दाराबाहेर आहे. दशमी आत चालत नाही, पण माझ्या खोलीत ठेव, मध्यंतरात खाऊ. चटणी जास्त आण.

आता खुर्चीचं. मागच्या खुर्च्या पन्नास रुपये, माडी पंचवीस. पण बद्री, मागं आबांना काही ऐकू येणार नाही. भोंगे आहेत, पण त्यांचा आवाज कानात घुमतो, शब्द समजत नाहीत. चांगला कान असलेली माणसं तक्रार करतात. मी तुला बैठक सुचवतो. गाण्याला आम्ही पहिल्या रांगेच्या पुढं, रंगमंचाच्या पायाशी गाद्या टाकतो. तिकीट शंभर. तिथून गवयाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. गाद्यांचा कापूस मी दरवर्षी स्वतः पिंजून घेतो. शेवटी पिंजाऱ्याचंच पोरगं.

बन्सीला का सांगायचं नाही? आपला माणूस आहे तो.

तुझा,
गयास


पाचोड, १४ नोव्हेंबर १९९६

प्रिय गयास,

रामराम. सविस्तर कळवलंस, उपकार झाले. भागूनं तुझ्यासाठी अनारसे ठेवलेत, येताना आणतो.

बैठक नको. आबांचे गुडघे आखडलेत, खाली बसवत नाही. खुर्चीच बरी आणि मागचीच बरी. तिथून उठता येतं, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ऐकू कमी आलं तरी चालेल. समोर बन्सी दिसला, तो गातोय एवढं कळलं, तरी त्यांचं समाधान होईल. देवळातही आपण उंबऱ्यापासून दर्शन घेतोच की. आत गेलं तरच देव भेटतो असं थोडंच आहे?

पैसे आल्यावर देतो. बन्सीला सांगू नकोस, हे पुन्हा लिहितो.

आबांनी धोतरजोडी धुऊन ठेवायला सांगितलीय. अजून सतरा दिवस आहेत म्हटलं तर म्हणाले, "वाळायला लागत्यात."

तुझा,
बद्रीनाथ


औरंगाबाद, २४ नोव्हेंबर १९९६

प्रिय बद्री,

सलाम. आज प्लॅन उघडला आणि दुपारी दोनला संपला. तुझी दोन तिकिटं मी सगळ्यांच्या आधी बाजूला काढली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. लिफाफ्यात घालून वर तुझं नाव लिहिलंय. रविवारी खिडकीवर ये, लिफाफा घे, सरळ आत जा. दारावर करीम आहे, तो आबांना हात धरून जागेवर बसवील.

तुझ्या मनासारखं केलंय, काळजी करू नकोस.

एकच सांगतो. सकाळची पहिली एसटी सुटली तर दुसरीची वाट बघू नकोस, ट्रक मिळाला तर ट्रकनं ये. तिसऱ्या घंटेनंतर माझंही काही चालत नाही.

तुझा,
गयास


औरंगाबाद, २ डिसेंबर १९९६

बद्री,

काय झालं?

तू आलास. लिफाफा माझ्या हातातून घेतलास. मागं शंभर माणसं होती म्हणून मला उठता आलं नाही, पण आबा मला दिसले. फेटा बांधला होता. मी ओरडलो, "आबा, सलाम!" त्यांनी ऐकलं नाही, पण हसले. त्यानंतर तुम्ही गेलात कुठं?

आता माझी चूक सांगतो. तू खुर्ची मागितलीस आणि मी बैठक दिली, सात आणि आठ नंबर. मला वाटलं, आपल्याकडं लग्नात पाव्हण्याला खुर्ची देतात आणि घरचे सतरंजीवर बसतात. बद्रीला वाटलं असेल, बापाला खाली कसं बसवू. गावचा माणूस आहे, मान खुर्चीत आहे असं धरून चाललाय. इथं उलटं असतं. इथं कलेक्टरसुद्धा बैठकीसाठी चिठ्ठी पाठवतो. गुडघ्यासाठी मी लोड ठेवला होता, दोन. सात-आठ नंबर डाव्या अंगाला निवडले, कारण तिथं बसलं की आबांचा उजवा कान थेट गवयाकडं येतो. मी स्वतः बसून पाहिलं होतं.

आणि बन्सीला सांगितलं, ते खिडकीतून ओरडलोच होतो. तो शनिवारी आवाज तपासायला आला होता. मी म्हणालो, "पाचोडहून आबा येताहेत." तो रंगमंचाच्या कडेला बसला. मग विचारलं, "कुठं बसणार?" मी गाद्या दाखवल्या. त्यानं वाकून हात लावला त्या गादीला.

काल तिसरी घंटा झाली. करीम दार लावायला लागला, मी लावू दिलं नाही. सात मिनिटं दार उघडं धरलं मी, मॅनेजर डोळे वटारत होता. बन्सी तानपुरे जुळवत बसला होता. माइकवर म्हणाला, "माझी माणसं यायचीत, जरा थांबूया." आठशे माणसं थांबली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी नाही म्हणून मान हलवली.

अडीच तास तो दोन रिकाम्या गाद्यांपुढं गायला.

आबांना काही झालं का? ताबडतोब लिही.

गयास


पाचोड, ६ डिसेंबर १९९६

प्रिय गयास,

रामराम. आबांची प्रकृती बरी आहे. त्या दिवशी फाटकाशी गर्दी पाहून त्यांना चक्कर आली. मी त्यांना बाहेर घेऊन बसलो. बरं वाटेना म्हणून परत फिरलो. तुला सांगायला खिडकीशी येणं जमलं नाही.

तू मात्र योग्य केलं नाहीस. मी दोनदा लिहिलं होतं, मागची खुर्ची दे आणि बन्सीला सांगू नको. तुला माझं म्हणणं समजलं नाही, तर विचारायचं होतंस. आपल्या मनानं दुसऱ्याचं भलं करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. दोन तिकिटांचे दोनशे रुपये मनिऑर्डरनं पाठवतो.

बद्रीनाथ


औरंगाबाद, १३ डिसेंबर १९९६

बद्री,

मनिऑर्डर परत पाठवली. पोस्टमनला "घेणार नाही" म्हणून सही दिली.

फाटकासमोर गुलशनची चहाची टपरी आहे. तिला मी विचारलं, त्या दिवशी फेटेवाले म्हातारबाबा पाहिले का? म्हणाली, "वो बाबा? हाँ, यहीं बैठे थे." आबांनी तिच्याकडं बशीतून चहा प्यायला. चक्कर आलेला माणूस बशी धरत नाही. तू पाणी आणायला गेलास तेव्हा आबा तिला म्हणाले, "लई लांबून आलो व्हतो बाई, पर गाणारा आजारी पडला म्हणं. कारेक्रम रद्द झाला." गुलशन म्हणाली, "रद्द कुठं, आत सुरू आहे की." त्यांना ऐकू आलं नाही.

आतून बन्सीचा आवाज टपरीपर्यंत येत होता, बद्री. तिला ऐकू येत होता. आबांना नाही. त्यांना वीस पावलं आत नेलं असतं तर आला असता.

गाणं संपल्यावर बन्सी माझ्या खोलीत आला. शालीसकट स्टुलावर बसला. म्हणाला, "मी गावातून न सांगता गेलो, ती माझी चूक. पण मी माफी मागितली. अकरा पत्रं लिहिली, दर गुरुपौर्णिमेला एक. येऊ का, एवढंच विचारत होतो. एकाचंही उत्तर आलं नाही. मग बंद केलं. गुरूनं दार लावलं तर शिष्यानं ठोठावत बसू नये." आणि मग म्हणाला, "काल तुम्ही सांगितलंत तेव्हा वाटलं, दार उघडलं. बापू, गुरुजी फाटकापर्यंत येऊन परत गेले असतील, तर ते उत्तरच झालं. आता मी विचारणार नाही."

मला तो बापू म्हणत होता. मनातलं सांगायला दुसरं जवळचं कोणी नव्हतं त्याला.

बद्री, आबांना अक्षर येत नाही. तुमच्या घरी आलेलं पत्र तूच वाचतोस. मी दोनच गोष्टी विचारतो. ती पत्रं आली का? आणि तू ती आबांना वाचून दाखवलीस का?

गयास


पाचोड, २१ डिसेंबर १९९६

गयास,

पत्रं आली. अकराही आली. एकही वाचून दाखवलं नाही.

चार दिवस मी याच दोन ओळी लिहायला बसत होतो. आता लिहिल्या, तर बाकीचंही लिहितो.

तुला मारुतीचा पार आठवतो. शनिवारी भजन असायचं. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून आबांच्या मागं उभा राहून म्हणायचो. आवाज बरा होता असं लोक म्हणत. मग मेंढपाळाचं ते आईवेगळं पोर आबांनी घरी आणलं. दोन वर्षांत त्याचा गळा सगळ्या गावात कळला. एका शनिवारी मी चाल उचलली, तर आबांनी पखवाजावरचा हात थांबवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बद्री, तू टाळ धर. बन्सी, तू म्हण." एवढंच. रागानं नाही म्हणाले, पिकाला पाणी सोडताना बांध फिरवावा तसं म्हणाले. मी टाळ धरला. सत्तावीस वर्षं झाली, अजून टाळच धरतोय.

बन्सी गेला तेव्हा आबा तीन दिवस जेवले नाहीत. माझी थोरली मुलगी गेली तेव्हाही ते दुसऱ्या दिवशी जेवले होते. ते मी मोजलं, गयास. मोजायला नको होतं.

पहिलं पत्र आलं तेव्हा आबा शेतात होते. मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं त्यानं. संध्याकाळी सांगू म्हणून कोनाड्यात ठेवलं. संध्याकाळी आबांनी विचारलं, "पोस्टाचा माणूस आलता का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही." मी ठरवलं नव्हतं. पण एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्या पत्राला हो म्हणायचं तर पहिल्याचं सांगावं लागलं असतं. तिसऱ्याला दोन्हींचं. असं ते वाढत गेलं. दर आषाढात ते विचारायचे, "बन्सीचा कागद न्हाय ना?" आणि मी नाही म्हणायचो. मग पत्रं यायची थांबली आणि मला बरं वाटलं, की आता मी खरंच बोलतोय.

पत्रं मी जाळली नाहीत. ती धान्याच्या कोठीमागं डब्यात आहेत. जाळायचा धीर झाला नाही की ती मला हवी होती, हे मलाही सांगता येत नाही. मी रोज हरिपाठ म्हणतो. एक दिवस चुकलेला नाही. देवापुढं बसून मी सगळं कबूल केलंय, अनेकदा. तो ऐकून घेतो आणि काही बोलत नाही. म्हणून मला त्याच्यापुढं कबूल करणं सोपं जातं, हेही आता कळतंय.

सांडूनं पेपर दाखवला नसता तर मी तो घडी करून ठेवला असता. पण आबा म्हणाले "मला ने" आणि मला वाटलं, हे एक तरी करावं. मागं बसवू, गाणं ऐकवू, उठून येऊ. बन्सी भेटला तर पहिला शब्द पत्रांचाच निघणार. म्हणून मागची खुर्ची. तुला वाटलं मी मान शोधतोय. मी अंधार शोधत होतो.

लिफाफा उघडला तर बैठक सात आणि आठ. खिडकीतून तू ओरडलास, "बन्सीला सांगितलंय, तो वाट बघतोय!" आबा माझा दंड धरून उभे होते, विचारत होते, "कोणत्या दारानं?" मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "रद्द झालं, आबा." त्यांनी पुन्हा विचारलं, "काय?" मला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं.

एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. आडूळ गेल्यावर म्हणाले, "आजारी हाय तर त्याला हळदीचं दूध द्या म्हणावं कोणीतरी."

बद्रीनाथ


औरंगाबाद, २७ डिसेंबर १९९६

बद्री,

मला तुझ्यावर ओरडायचं होतं. आबेदा म्हणाली, पत्रात ओरडू नका, कागदावर तो आवाज कायम राहतो. म्हणून थोडंच लिहितो.

मी बन्सीला काही कळवणार नाही. ते तुझं काम आहे, त्यातून अंग चोरू देणार नाही तुला.

आबांचा कान अजून आहे. डबा काढ आणि आजच वाच. तिथी बघू नको, वार बघू नको. कानाशी बसून अकराही वाच. ते तुला मारतील, घराबाहेर काढतील, बोलणार नाहीत. जे करतील ते सोस. ते म्हणाले तर मी बन्सीला स्वतः पाचोडला घेऊन येतो, गाडी करून. तो आबांपुढं जमिनीवर बसून गाईल, तिकीट लागणार नाही.

वाचून झाल्यावरच मला लिही. त्याआधी लिहू नको.

गयास


पाचोड, ३ फेब्रुवारी १९९७

गयास,

तुझे रोजे चालू असतील. अशा दिवसांत हे पत्र पाठवतोय, माफ कर. वाचून झाल्यावर लिही म्हणाला होतास. वाचून झालेलं नाही, तरी लिहितोय.

तुझं पत्र एकतीस डिसेंबरला मिळालं. त्याच दिवशी डबा काढला. पत्रं तारखेप्रमाणं लावली. आबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी जवळ गेलो, त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बस की." मी बसलो. थोड्या वेळानं उठलो. म्हटलं, एकादशीला वाचू, चांगला दिवस आहे. एकादशीला घरी पाहुणे आले. मग म्हटलं, संक्रांत होऊ दे, सणाच्या तोंडावर घरात रडारड नको. तू लिहिलं होतंस तिथी बघू नको. मी आयुष्यभर तिथीच्या आड उभा राहिलोय, त्याची सवय सुटली नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. पाच दिवस होता. सहाव्या दिवशी उतरला. भागूनं पेज नेली आणि विचारलं, "मीठ बरंय का?" ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. मग ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा या."

मी उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हाक मारली. मग ओरडलो. शेजारचा पुंजाराम धावत आला, काय झालं म्हणून. आबांनी हलकेच माझं तोंड बाजूला केलं आणि म्हणाले, "कानाला वारा लागतोय रं."

डॉक्टर झाले. काही राहिलेलं नाही.

तुला वाटेल मी आता सोडून दिलं असेल. नाही. काल सकाळी मी डबा घेऊन त्यांच्यापुढं बसलो. ऐकू येत नसलं तरी म्हटलं, हातात देऊ. शाईला हात लागला, बन्सीच्या हाताचा कागद आहे एवढं कळलं, तरी पुष्कळ. पेपरातला फोटो सांडूकडून मागून आणला होता, तो पत्रांच्या वर ठेवला आणि बोट करून दाखवलं. फोटो, मग पत्रं. पुन्हा फोटो, पुन्हा पत्रं. फोटो त्यांनी डोळ्याजवळ नेला आणि मान हलवली, "बन्सी." मग मी पत्रं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि माझ्या छातीवर हात मारला, कान धरले, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आणखी कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. रडत होतो, ते त्यांना दिसत होतं.

त्यांनी कागद एकेक करून उलटे केले. मागं-पुढं पाहिलं. अकराही पाहिले. मग गंभीर झाले. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गहाण पडलं का रं रान? पडू दे. रडू नको. म्या हाय अजून."

मी नाही नाही म्हणून मान हलवत होतो. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी पहिलं पत्र गुडघ्यावर सरळ केलं, उजव्या हाताचा अंगठा धोतराला पुसला आणि विचारलं,

"कुठं लावू?"

बद्रीनाथ